परग्रहावरच्या शत्रूची बाजू

प्रति,
संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत हौशी विज्ञानकथांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात लेखकमहाशयांनी अशी तक्रार केली आहे की हल्लीच्या नवशिक्या लेखकांचे परग्रहवासी आक्रमक फार लवकर दीनवाणे होतात. पहिल्या पानावर ते गाव जाळतात आणि शेवटच्या पानावर वाचकाला रडवून जातात. शत्रूविषयीची ही कणव म्हणजे लेखकाला कणा नसल्याचे लक्षण आहे, कथेतला शत्रू शत्रूसारखाच वागला आणि शत्रूसारखाच मेला पाहिजे, असा त्या लेखाचा एकूण रोख आहे. त्यांच्या तक्रारीतला निम्मा भाग मला पटतो, तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मुळीच पटत नाही, आणि असे का, ते थोडे सविस्तर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर दशावतारातल्या संकासुराचा भाग तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्तीनंतर आमच्याकडच्या एका वाचनालयाच्या कथास्पर्धेसाठी येणाऱ्या विज्ञानकथा वाचण्याचे काम माझ्याकडे आले आणि ते मी आवडीने करतो. राजापूर, लांजा, कणकवली, मालवण, वेंगुर्ला अशा ठिकाणांहून ही हस्तलिखिते येतात. लिहिणाऱ्यांत महाविद्यालयातली मुले-मुली असतात, तसेच पतपेढीतले कारकून, एसटीचे वाहक, आरोग्य केंद्रातल्या परिचारिका आणि गणपतीला गावी आल्यावर कथा हातोहात देऊन जाणारे चाकरमानीही असतात. अशा लेखनाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची रीत आहे आणि आपल्या पुरवणीतल्या लेखातही ती थोडी जाणवली. निदान मराठीत तरी हे शोभत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली आणि तिला पारितोषिक मिळाले. लेखक होते डॉ. जयंत नारळीकर, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतले होते. एवढ्या नामवंत खगोलशास्त्रज्ञानेही आपली पहिली कथा हौशी स्पर्धकांच्या गठ्ठ्यात, नाव झाकून ठेवली, हे लक्षात घेतले तर त्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या कागदांकडेही थोडे नीट पाहिले जाईल.

आता मुद्द्याकडे येतो. हौशी कथांमध्ये शत्रूविषयी सहानुभूती फार झाली आहे, हे निदान मला चुकीचे वाटते. ती फार उशिरा येते, हा खरा दोष आहे.

नमुना साधारण असा असतो. देवगडच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री एक चकती उतरते. तिच्यातून बाहेर येणाऱ्यांची नावे झ, क्ष आणि ऑ यांची मोळी बांधून तयार केलेली असतात. ते किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या जाळतात, दीपगृह पाडतात, सरपंचांना हवेत उचलून आपटतात, आणि हे सगळे करताना त्यांना नेमके काय हवे आहे ते कोणालाच, बहुधा लेखकालाही, ठाऊक नसते. मग गावातला एखादा हुशार मुलगा मिठाच्या पाण्याने किंवा कोकमाच्या आगळाने (हेही मी वाचले आहे, आणि मला ते आवडले) त्यांना निकामी करतो. मरता मरता त्यांचा म्होरक्या सांगतो की आमचा ग्रह नष्ट झाला, माझे बाळ यानात वाट पाहत आहे, आणि तुम्ही मानवांनी निसर्गाचा ऱ्हास केला आहे. साऱ्या गावात मालवणी चाललेली असताना हा एकटा शुद्ध पुस्तकी मराठी बोलतो, याचे मला दर वेळी हसू येते. दूरच्या ग्रहावरून येताना तो वाटेत पुण्यात उतरला असावा.

हे बाळ आधीच्या दहा-बारा पानांत कुठेच नव्हते. ते खरोखर असते, तर पहिल्या पानापासून म्होरक्याचे वागणे वेगळे झाले असते. ज्याचे मूल मागे यानात आहे तो उगाच आगी लावून सबंध गाव आपल्या अंगावर ओढवून घेणार नाही. तो यान आडबाजूला, खाडीच्या आतल्या अंगाला, कांदळवनात दडवील, रात्रीचा हिंडेल, दिसेल त्याला घाबरेल आणि घाबरून कदाचित एखाद्याचा जीवही घेईल. त्या खुनाला तेव्हा एक कारण असेल, ते कारण वाचकाला दिसेल, आणि वाचकाचा जीव दोन्हीकडे ओढला जाईल. शेवटच्या परिच्छेदात घातलेले बाळ ही लेखकाने शत्रूला जाता जाता दिलेली बक्षिसी असते. लेखलेखकांना तिचा राग आला असेल तर त्यात मी त्यांच्या बाजूचा आहे.

मात्र त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय, म्हणजे शत्रूचे मन दाखवूच नये हा, रोगापेक्षा वाईट आहे. परग्रहवासीयाच्या बाजूने हिशेब मांडला नाही तर कथेतले विज्ञानही कोसळते, हे मी शिक्षकाच्या नात्याने सांगू शकतो. त्याला काय हवे आहे, हा प्रश्न मानसशास्त्राच्या आधी भौतिकशास्त्राचा आणि रसायनशास्त्राचा आहे. पुष्कळ कथांत परग्रहवासी पृथ्वीवरचे पाणी न्यायला येतात. गुरूच्या युरोपा या उपग्रहाच्या बर्फाखाली जो समुद्र असावा असे शास्त्रज्ञ मानतात, त्यातले पाणी पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांपेक्षा जास्त असेल असा अंदाज आहे. शनीची कडीसुद्धा मुख्यतः पाण्याच्या बर्फाची आहेत. हे सगळे वाटेत टाकून आरे-वारेच्या किनाऱ्यावरचे खारे पाणी उपसायचे आणि पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाशी झगडत वर चढवायचे, हा उद्योग कोणी शहाणा जीव करणार नाही. काही कथांत ते माणसांना खायला येतात. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिने जवळजवळ सर्वस्वी डाव्या ठेवणीच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात (डाव्या-उजव्या हातांसारख्या, एकमेकींची आरशातली प्रतिमा असणाऱ्या दोन ठेवणी). ज्याच्या शरीराची घडण उजव्या ठेवणीची असेल त्याला आमच्या पापलेटातून किंवा आमच्यातून फारसे पोषण मिळण्याची आशा नाही. अंतराचेही तसेच. सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी, आणि तोही सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणारे व्हॉयेजर-१ हे अवकाशयान त्या दिशेने गेले असते तरी त्याला ७० हजारांहून अधिक वर्षे लागली असती.

हे आकडे मी कथा खोडून काढण्यासाठी देत नाही. माझे म्हणणे असे की शत्रूविषयीची सहानुभूती या आकड्यांतूनच निघते, तिच्यासाठी बाळ लागत नाही. एवढे अंतर तोडून जो आला त्याने मागे ठेवलेले सगळे मरून गेलेले आहेत, किंवा तो यानातच जन्मला आहे आणि ज्या घराच्या नावाने लढतो ते त्याने कधी पाहिलेले नाही. त्याला परत जाता येणार नाही, हे त्याला निघतानाच ठाऊक होते. परतीचा मार्ग नसलेला जीव दारात आल्यावर विनवणी करील, फसवील, की आधीच हत्यार उपसेल, हे प्रत्येक लेखकाने स्वतः ठरवावे. पण यांपैकी काहीही ठरवले तरी तो कागदी राहणार नाही.

प्रॉक्झिमाचेच उदाहरण पुढे नेतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या कथांमध्ये त्याचे नाव वारंवार येते. २०१६ साली त्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या जवळपासच्या वस्तुमानाचा एक ग्रह असल्याचे जाहीर झाले. तो आपल्या ताऱ्याला सुमारे ११ दिवसांत प्रदक्षिणा घालतो, आणि ताऱ्याच्या इतका जवळ असल्यामुळे बहुधा त्याची एकच बाजू सतत ताऱ्याकडे असते. म्हणजे एका अंगाला कायमचा दिवस, दुसऱ्या अंगाला कायमची रात्र. तेथे जीव आहेत असे कोणी म्हटलेले नाही, पण कथेपुरते समजू की उजेडाच्या अंगाला कोणी वाढले. त्याने मावळणारा सूर्य कधी पाहिलेला नाही. त्याच्या लेखी अंधार म्हणजे ग्रहाची दुसरी बाजू, जेथे गेलेला परत येत नाही. असा जीव आषाढाच्या अमावास्येला राजापूरच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उतरला, वर ढग, खाली वीज गेलेली, आणि पाहता पाहता सूर्य बुडाला, तर तो काय करील? हाताशी येईल ते पेटवील. कदाचित देवराई पेटवील. त्याच्या समजुतीप्रमाणे तो मरणाऱ्या जगाला वाचवतो आहे, आणि आपल्या समजुतीप्रमाणे त्याने पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेले रान जाळले आहे. येथे कोणी दुष्ट नाही आणि नुकसान मात्र पुरते झालेले आहे. गावाने त्याला अडवलेच पाहिजे, प्रसंगी मारलेही पाहिजे. वाचकाला दोन्ही बाजू ठाऊक असल्या म्हणून गावाचा हात लुळा पडत नाही.

यापेक्षा अवघड शत्रूही निसर्गाने तयार करून ठेवला आहे. कुंभारीण माशी घराच्या भिंतीवर मातीचे मडके करते, त्यात अळ्या लुळ्या करून भरते आणि अंडे घालते, म्हणजे तिच्या पिल्लाला जिवंत, ताजे अन्न मिळावे. तिच्याकडून अळीवर दया करण्याची अपेक्षा कोणी करत नाही. माणसाच्या आकाराची आणि बुद्धीची कुंभारीण कथेत आणली आणि तिला अळीच्या जागी आपण सापडलो, तर ती आपल्याला भयंकर वाटेल आणि तरीही ती आईच असेल. एका विद्यार्थिनीने हे लिहून पाहिले होते. भाषा कच्ची होती, शेवट घाईत उरकलेला होता, पण ‘तुम्ही गाभोळीसाठी मासळी धरता तेव्हा मासळीला विचारता का’ हा तिच्या कुंभारणीचा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस जेवताना आठवत होता.

आता संकासुराविषयी. आमच्या दशावतारात मुख्य आख्यानाच्या आधी आड दशावतार होतो. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा संकासुर येतो. नखशिखान्त काळा वेष, तोंडावर काळे आवरण, बाहेर लोंबणारी लाल जीभ. परग्रहवासीयासाठी याहून चांगला वेष मी कुठल्या परदेशी चित्रपटातही पाहिलेला नाही. त्याचा अपराध लहान नाही, कारण वेद चोरणे म्हणजे सृष्टीचे सगळे ज्ञान पळवणे. तरीही मंडपातल्या लोकांना सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. देव मंडळी भारदस्त बोलतात आणि संकासुर मालवणीत बोलतो, टोमणे मारतो, लोकांना हसवतो, आपली फजिती आपणच सांगतो. पुढच्या रांगेतली पोरे त्याला घाबरतात आणि तो जरा आत गेला की त्यालाच शोधतात. अखेर विष्णू त्याचा वध करतो. संकासुराला सोडून द्या, असे आजवर कोणी प्रेक्षकांतून ओरडल्याचे मी ऐकलेले नाही, आणि त्याचा वध झाला म्हणून कोणी त्याच्यावर हसणे किंवा त्याच्यावर जीव लावणे थांबवलेलेही नाही. शत्रूवर जीव लावूनही त्याचा पराभव मान्य करता येतो, ही गोष्ट या किनाऱ्यावरच्या निरक्षर प्रेक्षकालाही कधी अवघड गेली नाही. मग ती आपल्या वर्तमानपत्राच्या वाचकाला अवघड जाईल, असे लेखलेखकांना का वाटावे?

भुतांचेही तेच आहे, आणि भुते नसतात हे वर्गात वर्षानुवर्षे सांगितलेला माणूस हे लिहितो आहे. कोकणात बिनपूर्ववृत्ताचे भूत नसते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. सीमेवरच्या देवचाराला त्याचा मान दिला की तोच गाव राखतो. भीती दाखवणाऱ्याचे काहीतरी राहून गेलेले असते, एवढे आमच्या आज्यांना कथाशास्त्र न वाचता कळत होते.

सहानुभूतीला कणाहीन म्हणणाऱ्यांना मी आणखी एक आठवण देऊ इच्छितो. सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांच्या कागदपत्रांत सरळ चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलेले आहे. आंग्र्यांचे दस्तक न घेता जाणारी जहाजे अडवली जात, हा त्यांचा अपराध. पोर्तुगीज असाच परवाना कार्ताझ या नावाने त्यापूर्वी दोन शतके सक्तीने घ्यायला लावत होते, तो मात्र कायदा. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चढाई केली आणि ती फसली. मुंबईच्या कोटात बसून त्या दिवसांत कोणी हौशी लेखकाने साहसकथा लिहिली असती, तर तिच्यातला कारण नसलेला, चेहरा नसलेला, केवळ क्रूर शत्रू कोण ठरला असता, हे सांगण्याची गरज नाही. दुसऱ्यांच्या गोष्टीत खलनायक म्हणून नोंदवले जाण्याचा अनुभव या किनाऱ्याला आहे, त्यामुळे शत्रूचे म्हणणे लिहून ठेवले नाही तर काय होते याची समज आम्हाला इतरांपेक्षा थोडी अधिक असायला हवी.

अर्थात हे उदाहरण अर्धवट सोडले तर फसवे आहे. परग्रहवासी आंग्र्यांच्या जागी नसतो. तो दूरवरून समुद्र ओलांडून, आपल्याहून जबर हत्यारे घेऊन येतो, म्हणजे तो फिरंग्याच्या आणि टोपीकराच्या जागी असतो. म्हणून कथेत त्याच्याविषयी सहानुभूती बाळगायची तर आपल्याला कंपनीच्या त्या कारकुनाविषयी बाळगावी लागेल, जो कर्जबाजारी बापाने धाडला म्हणून येथे आला आणि तापाने फणफणून येथेच मेला. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण त्यांच्यातच पडली होती. त्या पोराचे मरण मला समजते, त्याची भीती समजते, आणि म्हणून कंपनी सरकारचे राज्य मला तिळभरही न्याय्य वाटू लागत नाही. हौशी लेखकांपैकी जे कच्चे पडतात ते येथे पडतात. आक्रमकाचे दुःख दाखवले की आक्रमणही माफ झाले, असे त्यांना वाटते आणि शेवटी सगळे गाव यानाला हात हलवत निरोप देते, ज्या गावातली निम्मी घरे अजून धुमसत असतात. लेखलेखकांचा खरा आक्षेप बहुधा अशाच कथांवर असावा. मेलेल्यांचे काय, असा तो प्रश्न आहे, आणि तो योग्य आहे.

त्या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर एका परिचारिकेच्या कथेत आहे. तिच्या कथेत यान खाडीत कोसळते, त्या लाटेने धक्क्यावरची माणसे मरतात, आणि त्याच रात्री वाचलेल्या माणसांबरोबर यानातला एक जखमी जीवही प्राथमिक आरोग्य केंद्रात आणला जातो. बाहेर लोक त्याला बाहेर फेका म्हणून दार वाजवत आहेत. परिचारिका केसपेपर काढते. नावाचा रकाना रिकामा, वयाचा रिकामा, गावाच्या रकान्यात ती थोडा वेळ पेन धरून थांबते आणि ‘बाहेरगाव’ असे लिहिते. जखम धुताना तिला त्याच्याविषयी काहीही प्रेम वाटत नाही. धक्क्यावर गेलेल्यांत तिच्या बहिणीचा नवरा आहे, हे आपल्याला मध्येच एका ओळीत कळते. ती त्याला क्षमा करत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याची कहाणी तिला कळतही नाही. फक्त त्याचा श्वास जलद होतो तेव्हा तो घाबरला आहे एवढे तिला कळते, कारण घाबरलेला श्वास ती रोज ऐकते. पहाटे पोलिसांची गाडी त्याला घेऊन जाते आणि ती पुढच्या खाटेकडे वळते. या कथेत कोठेही भाषण नाही. दया आणि राग एकाच माणसाच्या हातात एकाच वेळी कसे असतात, हे लिहिताना तिला कल्पनाशक्तीला फारसा ताण द्यावा लागला नसेल. तिच्या नोकरीत ते रोजचे आहे. आमच्या परीक्षकांपैकी एकांनी ‘परग्रहवासीयाची माहिती अपुरी’ म्हणून तिचे गुण कापले, ते मला अजून खटकते.

परदेशातला दाखला द्यायचा तर एच. जी. वेल्स यांच्या १८९८ साली पुस्तकरूपाने आलेल्या मंगळस्वारीच्या कादंबरीचा देता येईल, कारण परग्रहावरून स्वारी करणाऱ्या शत्रूचा साचा बहुतांशी तेथून आला. तिच्या पहिल्याच प्रकरणात मंगळ थंड आणि कोरडा होत चालल्याचे सांगून शत्रूला कारण दिलेले आहे. इतकेच नव्हे तर युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचे काय केले याची आठवण इंग्रज वाचकाला करून देऊन, मग मंगळवासी त्याच वृत्तीने लढले तर तक्रार कशाची करायची, असे विचारलेले आहे. मंगळवासी पुढे जंतूंमुळे मरतात. ओसाड लंडनमध्ये त्यांच्यातल्या शेवटच्याचा आक्रोश थांबतो तेव्हा निवेदकाला एकाकीपणा असह्य होतो. क्षमा नाही, बाळ नाही, प्रवचन नाही, आणि सहानुभूती पहिल्या पानापासून आहे. ज्यांना ती नवशिक्यांची नवी खोड वाटते त्यांनी हे पाहावे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो, जी या विषयाच्या कडेला आहे. बारसू, कशेळी, उक्षी येथल्या कातळशिल्पांचा बोलबाला झाल्यापासून ती परग्रहवासीयांनी खोदली, अशा कथांची लाट आली आहे, आणि त्यातले परग्रहवासी फार प्रेमळ असतात. कशेळीचा तो प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटातली चित्रे कोरणारे हात या सड्यावरच्या माणसांचे होते. पाहुण्याचे कौतुक करण्यासाठी घरच्या माणसाचे श्रेय काढून त्याला देणे मला मान्य नाही. अशा कथेला मी गुण देत नाही, हे स्पर्धकांनी आधीच जाणून घेतलेले बरे.

परग्रहवासीयाने आपल्याला ओळखण्यात केलेली चूक हा शत्रुत्वाचा सर्वांत खरा उगम आहे, आणि त्यासाठी साहित्य आपणच आकाशात पाठवून ठेवले आहे. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यावर ५५ भाषांतले अभिवादन आहे, त्यात मराठीही आहे. आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे. मैफल भैरवीने संपवायची असते आणि आपण ओळखच भैरवीने करून दिली आहे. एखाद्या दुसऱ्या ताऱ्याच्या जरा जवळपास जायलाही व्हॉयेजर-१ला आणखी सुमारे ४० हजार वर्षे लागतील. तेव्हा ते स्वर ज्याच्या हाती पडतील त्याला ते गाणे वाटेल, की इशारा, की कण्हणे, हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि ज्याला कण्हणे वाटले तो मदतीला म्हणून काय घेऊन येईल तेही नाही. या एका प्रश्नावर निदान डझनभर कथा लिहून होतील, आणि त्यांतल्या एकीतही शत्रूला दुष्ट करावे लागणार नाही.

स्पर्धकांना मी एवढेच सुचवत असतो की कथा पाठवण्यापूर्वी एक पान शत्रूच्या बाजूने लिहावे, त्यात त्याला काय हवे, त्याला काय दिसते, त्याची कोणती समजूत चुकलेली आहे हे मांडावे, आणि ते पान कथेत घालू नये; लेखकाने ते उशाशी ठेवले तरी पुरे. यंदापासून ही सूचना आम्ही स्पर्धेच्या पत्रकात छापली आहे. लेखलेखकांनी येत्या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून आमच्याबरोबर बसावे, असे निमंत्रण मी आपल्यामार्फत त्यांना देतो. राहण्याची आणि जेवणाची सोय आमच्याकडे होईल. हस्तलिखिते गणपतीनंतर वाचायला घेतो. त्यांनी तारीख कळवावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग